टँकर आला त्या दुपारचं पॅटीस

उस्ताद,

सकाळपासून तिसऱ्यांदा मैदा लाटतेय आणि तिन्ही वेळा मनातल्या मनात तुमच्याशी भांडून झालंय. अंबाजोगाईत लेकीच्या स्वयंपाकघरात उभी आहे. तिनं ओट्याखाली विजेची भट्टी बसवून घेतली आहे, काचेच्या दाराची. आत दिवा लागतो आणि पॅटीस फुगताना बसल्या जागी दिसतं. तुम्ही त्या काचेसमोर उकिडवे बसून पोट धरून हसला असता, कारण तुमच्या भट्टीला लोखंडी दार होतं आणि वेळेआधी ते उघडणाऱ्याची धडगत नसायची. मी अजून काचेतून बघत नाही, पाठ करून उभी राहते. लेक म्हणते, आई, बघण्यासाठीच तर काच लावली आहे. उद्या दहा वाजता आठ बाया माझ्याकडून हे खिम्याचं पॅटीस शिकायला येणार आहेत. लेकीनं आपल्या दवाखान्यात सगळ्यांना खाऊ घालून माझं नाव करून ठेवलंय. आठांपैकी एक तरी विचारणारच, की मावशी, हे तुम्ही कुणाकडून शिकलात. या प्रश्नाला माझ्याकडे कितीतरी वर्षांपासून एक तयार उत्तर आहे, आणि ते ऐकलं की लोक तुमच्याबद्दल फार चांगलं बोलतात. आज ते उत्तर काही केल्या गळ्याखाली उतरत नाही. लाटलेला मैदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलाय, तेवढ्यात लिहायला बसले.

तुम्ही पहिल्यांदा घाटनांदूरला आलात तो दिवस मला नीट आठवतो. सोसायटीच्या रिकाम्या गोदामात भट्टी बांधून झाली होती. पावसानं दगा दिल्याचं ते दुसरं वर्ष, गोदामात ठेवायला धान्यच नव्हतं, म्हणून तर ते आम्हा बायांच्या संस्थेला मिळालं. आम्ही बाराजणी भिंतीला टेकून उभ्या होतो. आम्हाला शिकवायला संस्थेनं करारावर बोलावलेले तुम्ही एसटीतून उतरून आलात, पांढरी दाढी, खांद्यावर पंचा आणि हातात तुमचं ते लांब दांड्याचं लाकडी फावडं, भट्टीतून ट्रे ओढायचं. एवढं लांब फावडं कंडक्टरनं गाडीत कसं घेऊ दिलं, हाच आम्हाला प्रश्न. अध्यक्षीणबाईंनी कामं वाटली. चौघींनी मैदा मळायचा, तिघींनी लाटायचं, तिघींनी ट्रे भरायचे. माझ्यापाशी आल्या आणि गोड बोलल्या, "तू लई धीट हाईस बाई, तू आपली भट्टीवरच थांब." मला कळलं. सगळ्याजणींना कळलं. बाराजणींत आमच्या वस्तीतली मी एकटी होते. माझा हात मैद्याला नको होता, आणि भट्टीत गेलेलं सगळं चालतं असा त्यांनी आपल्या मनाशी मेळ बसवला होता. भांडायची सोय नव्हती, कारण कुणी काही वावगं बोललंच नव्हतं. तुम्ही तंबाखू मळत ऐकत होता. तंबाखू टाकून दिलीत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "बेटी, हाथ धो के आ. हमारे में कायदा है, भट्टी जिसकी, मैदा उसका." असा कायदा कुठल्याच बेकरीत नसतो, हे मला पुढे दुसऱ्या बेकऱ्या बघितल्यावर समजलं. त्या दिवशी मी कोपरापर्यंत हात मैद्यात घातले आणि अध्यक्षीणबाई छताकडे बघत राहिल्या.

तुम्ही गोड माणूस होता असं मात्र मी कुणाला सांगत नाही. खारीचा पहिला घाणा मी नासवला, आठवतं? दार उघडून बघू नको म्हणून तीनदा बजावलं होतंत, तरी मी बोटभर उघडलं. फुगलेले पदर बसले आणि खारीच्या पाट्या झाल्या. तुम्ही ओरडला नाहीत. त्यातली सगळ्यात कच्ची खारी माझ्या हातावर ठेवलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "खा. पूरा खा." मी रडत रडत ती पिठूळ खारी संपवली. मनात तुम्हाला इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका. पण त्यानंतर दाराला हात लावायचा झाला की तोंडात ती कच्च्या मैद्याची चव यायची. फ्रिज नव्हता, म्हणून मैद्याचा गोळा ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायला तुम्ही शिकवलंत. पोतं ओलं करायला प्यायचं पाणी घेतलं तर तुम्ही डोळे वटारायचा. आम्ही हात धुतलेलं पाणी एका घमेल्यात साठवायचं आणि तेच पोत्यावर शिंपडायचं. फावल्या वेळी तुम्ही हैदराबादच्या गोष्टी सांगायचा, तरुणपणी जिथे काम केलं त्या हॉटेलातल्या खिमा भरलेल्या पॅटीसच्या. म्हणायचा, वरून कसंही छान फुगतं, पण खिम्याचं पाणी सुटतं आणि बूड भिजतं. "नीचे से रोता है. इसका इलाज मेरे उस्ताद को भी नहीं मिला."

ते वाक्य माझ्या डोक्यात घुसून बसलं. खिमा आणि मैदा यांची गाठ तुम्हा लोकांना सुटली नव्हती, आणि माझ्या घरात फळीवर येसूर होता. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धणे, खोबरं, सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळलेला आमचा रश्शाचा मसाला. रश्शात मूठभर येसूर टाकला की पातळ रस्सा बघता बघता दाटतो, पाणी पिऊन टाकतो तो. मग खिम्याचं पाणी का नाही पिणार? ही साधी गोष्ट हैदराबादच्या उस्तादांना सुचली नाही आणि मला सुचली, म्हणून मी आठवडाभर हवेत होते. करून बघायचं तर घरी चूल. भट्टी एकच, आणि तिच्यात वशट काही घालायचं नाही असा संस्थेचा नियम. नियम चुकीचा नव्हता. दिवाळीला गावातल्या बाया आपापलं तूप-साखर घेऊन नानकटाई भाजायला यायच्या, त्यांत माळकरी घरं होती, अध्यक्षीणबाईंच्या स्वतःच्या गळ्यात माळ होती. लोकांनी त्यांच्या शब्दावर भट्टीत ट्रे ठेवले होते.

आणि नियम मोडला तर माझं काय होणार होतं, हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरा त्या वर्षी एकटाच ऊसतोडीला गेला होता. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. जाताना गाडीत बसलेला माझा नवरा खाली मान घालून म्हणाला होता, "मी अर्धा जातो. पोरीची शाळा सुटू देऊ नको." लेक चौथीत होती. बेकरीतली माझी जागा गेली असती तर आठ दिवसांत तिचं दप्तर खुंटीला आणि आम्ही दोघी उसाच्या फडात. हे सगळं मी तुम्हाला ट्रे पुसता पुसता सांगितलं होतं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, "फिर तो अच्छा सीख."

त्या आठवड्यात वस्तीत बोकड कापलं. चाराच उरला नव्हता, लोक जनावरं मिळेल त्या किमतीला काढत होते. दुष्काळात मटण स्वस्त आणि पाणी महाग, असे ते दिवस. माझ्या वाट्याचं मटण मी कोयत्यानं बारीक चेचलं, कांदा-लसणात परतलं, वर दोन मुठी येसूर टाकला. खिमा असा कोरडा मोकळा झाला की मला तव्यासमोर हसूच आलं. डब्यात भरून बेकरीत नेला आणि मैद्याच्या पोत्यामागे ठेवला. दुसऱ्या दिवशी मुलींच्या एका वसतिगृहाला टोस्टची पहिली मोठी खेप जायची होती. ती पसंत पडली तर महिन्याचं काम बांधलं जाणार होतं, बाराजणींचं. सकाळचे पाव काढून भट्टी उतरणीला लागली होती आणि टोस्टचे ट्रे आत मंद आचेवर वाळत होते.

दुपारी टँकरचा हॉर्न वाजतो. सगळ्याजणी हातातलं टाकून हंडे घेऊन पळतात. अध्यक्षीणबाई दारातून ओरडतात, "चल की ग! कावून थांबलीस?" मी म्हणते, आलेच. जात नाही. तुम्ही आतल्या खोलीत नमाजाला उभे. माझ्याकडे टँकर रिकामा होईपर्यंतचा वेळ आहे, म्हणजे फार तर अर्धा तास. खारीच्या मैद्याचे चौकोन कापून तयार आहेत. खिमा भरते, कडा दाबते, दोनदा घाईत कडा सुटते. भट्टी थंडावलेली, तुमच्या शिकवणीप्रमाणे आत हात घालून मोजते, सातापर्यंत हात टिकतो, म्हणजे आच कमी आहे. तरी टोस्टचे ट्रे एका बाजूला सरकवून माझा ट्रे आत खोलवर ढकलते, अंगारांच्या कोपऱ्याशी. दार लावते. बाहेर बायांची भांडणं ऐकू येतात, पायपावरून नेहमीची ओढाओढ, आणि प्रत्येक आरोळीला वाटतं की आता पाणी संपलं. मी त्या दिवशी घरी पाण्याचा एक थेंब भरला नाही. लेक संध्याकाळी शाळेतून येऊन काय पिणार याचा विचारही माझ्या मनात आला नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

दार उघडलं तेव्हा पॅटीस फुगलं होतं. पदर न् पदर सुटलेला. फावड्यानं ट्रे ओढताना मात्र माझ्या हाताला हिसका बसला, ट्रे कलला आणि कडेनं तूप भट्टीच्या विटांवर सांडलं. चर्र झालं. धूर उठला, आणि मटण-लसणाचा, येसराचा तो वास सगळ्या गोदामात भरला. तुम्ही खोलीतून धावत बाहेर आलात. ट्रे बघितलात, मला बघितलंत. मी एक पॅटीस उचलून पुढे केलं. आधी तुम्ही ते उलटं केलंत आणि बूड बोटानं वाजवलंत. कोरडं, खणखणीत. मग तोडलंत आणि खाल्लंत. तुमचं तोंड हलत होतं आणि मी जन्मात कुणाच्या तोंडाकडे तशी बघितली नसेन. तेवढ्यात दारात हंडा आदळला.

सगळ्या आत आल्या. ओल्या साड्या, डोक्यावर हंडे, आणि आत आल्या तशा जागच्या जागी उभ्या राहिल्या. एकीनं नाकाला पदर लावला. अध्यक्षीणबाईंनी हंडा खाली ठेवला, सावकाश, एक थेंब न सांडता. भट्टीशी गेल्या, टोस्टचा ट्रे ओढला, एक टोस्ट मोडून नाकाशी नेला. त्यांचा चेहरा पडला. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रडवेल्या झाल्या होत्या. वसतिगृहात शब्द देऊन आल्या होत्या त्या. "कुणी ठिवलं हे?" त्यांनी विचारलं. तुम्ही आपणहून पुढे झालात आणि म्हणालात, "मैंच रखा था, बाई. बुढ्ढे की जबान है, मन हो गया." तुमच्या दाढीत पॅटीसचा एक पापुद्रा अडकला होता. अध्यक्षीणबाई माझ्याकडे वळल्या. "आन तू पाण्याला कावून न्हाई आलीस?" माझ्या आधी तुम्हीच बोललात, "मैंने रोका उसे. टोस्ट कौन देखता?" त्यांनी आणखी काही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "उस्ताद, तुमी वडीलधारी मानसं. तुमच्याकडून ही आशा नव्हती आमाला." मागून कुणीतरी पुटपुटलं, ह्या लोकांचं असंच. हे लोक म्हणजे त्या वेळी तुम्ही होता. मी पुढे झाले असते तर मी असते, माझी वस्ती असती.

तुमचा करार संपायला तीन आठवडे होते. तुम्ही त्याच दिवशी चारच्या गाडीनं निघालात. टोस्ट कोंबड्यांपुढे गेले, रात्रीसाठी राखलेलं लाकूड जाळून भट्टी लाल केली आणि विटा खरवडल्या, वसतिगृहाची खेप एक दिवस उशिरा गेली. तरी काम मिळालं. एसटीच्या थांब्यावर तुमची पिशवी द्यायला मी आले होते. पिशवी घेतलीत, आणि फावडं घेतलं नाहीत. "एसटी में अडता है," म्हणालात. येताना अडलं नव्हतं. मी तोंड उघडत होते तेवढ्यात गाडी आली. पायरीवर चढून तुम्ही मागे वळलात आणि म्हणालात, "नमक थोडा बढाना. बाकी मेरे उस्ताद को खिलाने लायक था." मला आयुष्यात कुणी एवढं मोठं काही दिलं नाही, आणि ते घेताना मी तुमच्या डोळ्यांत बघू शकले नाही.

लेकीची शाळा सुटली नाही. ती शिकली, नर्स झाली, तिच्या पगारातून ही काचेची भट्टी आली. बेकरीवर मी आणखी चौदा वर्षं उभी होते आणि तुमच्या फावड्याचा दांडा दोनदा बदलला. एकदा, बेकरी जरा स्थिरावल्यावर, पॅटीसचा डबा घेऊन मी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते. डब्यातलं घरीच भाजलं होतं, पातेल्यात वाळू तापवून, वर परात झाकून. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं तुमचं घर हातानं दाखवलंसुद्धा, निळं दार. मी तिथे उभी राहिले, पदरानं डबा पुसला आणि परत एसटी स्टँडवर गेले. डबा गाडीत शेजारच्या बाईच्या पोरांना वाटून टाकला. पुढच्या उन्हाळ्यात कळलं की तुम्ही गेलात, आणि तेही जाऊन दोन महिने झाल्यावर. तेव्हापासून मी लोकांना सांगत आलेय की माझे उस्ताद असे होते, एका बाईची भाकरी वाचवायला त्यांनी न केलेला गुन्हा आपणहून अंगावर घेतला. ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात. माझेही भरतात.

मधे उठून पॅटीस भट्टीत ठेवून आले. आता काढलं. लेकीनं एक तोडून खाल्लं आणि नेहमीसारखं म्हणाली, "आई, मीठ जरा कमी पडतं ग. उद्या शिकवताना तरी वाढव." दर वेळी सांगते ती. दर वेळी मी चिमूट हातात घेते आणि परत बरणीत टाकते. मीठ बरोबर झालं की तुमचं-माझं सगळं मिटलं असं होईल, आणि मिटलेलं नाही.

वर लिहिलेलं मी आत्ताच वाचून बघितलं. तुम्ही आपणहून पुढे झालात असं लिहिलंय. तुम्हाला लिहितानासुद्धा माझ्या हातानं तेच लिहिलं, बघा. अध्यक्षीणबाईंनी विचारलं आणि तुम्ही बोललात, या दोन्हींच्या मधे काही क्षण गेले होते. त्या क्षणांत मी तुमच्याकडे बघितलं. तुमच्या डोळ्यांकडे नाही, दाढीकडे, त्या पापुद्र्याकडे, आणि नजर तिथेच ठेवली. मग बाकीच्या अकराजणींनी मी बघत होते तिकडे बघितलं. तुम्ही सगळ्यात शेवटी बघितलंत, आधी माझ्याकडे, मग खाली. आणि मग म्हणालात, मैंच रखा था.

निळ्या दाराचं घर आता पाडलंय, हा कागद पाठवायला जागा नाही. उद्या बाया यायच्या आत मी तो बेकरीतून सोबत आणलेल्या तुमच्या फावड्याच्या दांड्याला गुंडाळून माळ्यावर ठेवून देईन. त्यांनी विचारलं तर खरं सांगेन की नाही, ते मला आज सांगता येत नाही. मिठाची बरणी तेवढी ओट्यावर पुढे काढून ठेवली आहे.